नऊच्या चर्चेत आमच्यातलं कोण बोललंच नाही

डिसेंबर उजाडला, बेळगावातल्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरायचं ठरलं की मराठी न्यूज चॅनेलांवर बेळगाव दिसायला लागतं. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाही, महाराष्ट्रातल्या नेत्यांना जिल्ह्यात यायला बंदी, कोगनोळी टोलनाक्यावर पोलीस, आणि मग रात्री नऊला चर्चा. ह्या अधिवेशनाला पण झाली. मी त्या चर्चेचं परीक्षण लिहायला बसलेलो नाही, चॅनेलचं नाव पण घेत नाही. ती बघून दुसऱ्या दिवशीपासून आमच्याकडं लोक जे बोलले ते लिहायचंय, कारण मला मनापासून वाटतं की त्या तासाभरात स्टुडिओत जे बोलणं झालं त्याच्यापेक्षा आमच्या लोकांचं बोलणं जास्त मोलाचं होतं आणि ते कुठंच नोंदलं जाणार नाही.

माझं बेळगावच्या वडगावात झेरॉक्स आणि ऑनलाईन अर्जांचं दुकान आहे. आजूबाजूला अजून माग चालतात, सकाळपासून खडखड सुरू असते. लोक येतात ते उतारा काढायला, रेशनकार्डाला, जातीच्या दाखल्याला, आणि कन्नडमध्ये आलेली नोटीस वाचून घ्यायला. नोटीस वाचता वाचता गप्पा होतात. त्यामुळं टीव्हीवर रात्री काय झालं ते मला सकाळी दहाच्या आत चार तोंडांनी ऐकायला मिळतं.

आता चर्चा कशी होती ते थोडक्यात. स्क्रीनवर खिडक्याच खिडक्या. मुंबईतून पक्षांचे प्रवक्ते, पुण्याचे एक विश्लेषक, आणखी एक प्रवक्ते गाडीत बसून बोलत होते. चॅनेलचा रिपोर्टर शिनोळीला, म्हणजे हद्दीच्या पलीकडं, चंदगड तालुक्यात उभा. बेळगाव शहरातला माणूस एकाही खिडकीत नव्हता. खानापूरचा नाही, निपाणीचा नाही. कन्नड बाजूनं सुद्धा कोण नव्हतं. तासभर सगळे आमच्याविषयी बोलत होते आणि मधे मधे आमच्यातल्या कुणाचा तरी फोन घेत होते, एवढंच.

पहिली प्रतिक्रिया आली ती आमच्या गल्लीतल्या रिटायर झालेल्या मास्तरांची. दुकानाचं शटर अर्धंच वर होतं तोवर आले. म्हणाले, "काल खालची पट्टी बगितलासा काय? महाजन अहवाल कर्नाटकानं फेटाळला म्हणून लिहिलेलं. अर्धा तास तसंच फिरूलालतं!" मास्तरांचा आवाज सहसा चढत नाही, पण त्या दिवशी चढला. बरोबरच आहे की. सीमावाद सोडवायला केंद्रानं महाजन आयोग नेमला १९६६ मध्ये, सेनापती बापटांनी उपोषण केलं त्यानंतर. अहवाल आला १९६७ ला. त्यात २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत आणि २४७ गावं कर्नाटकाला, बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवावं, असं होतं. तो नाकारला महाराष्ट्रानं. कर्नाटक तर आजपर्यंत म्हणतंय की तोच अहवाल लागू करा. म्हणजे ह्या सगळ्या भांडणाचं जे मूळ, तेच पट्टीवर उलटं लिहिलेलं, आणि स्टुडिओतल्या एकानंही ते खोडलं नाही. मास्तर म्हणाले, "शाळेत पोरानं असं लिहिलं असतं तर मी उत्तर परत लिहायला लावलो असतो. इथं लाखो लोक वाचूलालेत."

ह्याच गोष्टीवर नंदगडकडचा एक माणूस जे बोलला ते माझ्या डोक्यातून जात नाही. तो जमिनीच्या वाटणीचे कागद घेऊन आला होता, मास्तरांचं बोलणं ऐकत बाकावर बसला होता. हळूच म्हणाला, "सर, महाजननं आमचं नंदगड आणि खानापूर महाराष्ट्रात टाकलंतं. आमच्या वडलांनी त्या वर्षी पेढे वाटले असतील नाही तर नसतील, पण अहवालात आम्ही पलीकडं होतो. बेळगाव नाही म्हणून महाराष्ट्रानं नको म्हटलं, बेळगाव मिळालं म्हणून कर्नाटकानं हो म्हटलं, आणि आमी हाय तिथंच. टीव्हीवर ह्याच्यावर कोण तरी बोलतंय काय ते बगायला मी बसलोतो." महाराष्ट्रानं अहवाल नाकारला त्याला कारणं होती, बेळगाव आणि आजूबाजूचा सलग मराठी पट्टा सोडून कसं चालेल हा मुद्दा मलाही पटतो. पण खानापूर तालुक्यातल्या माणसाला पन्नास-साठ वर्षांनी हा प्रश्न पडतो आणि त्याला कुणी उत्तर दिलेलं नाही, हे चर्चेत यायला नको का? ह्या एका माणसाला पाच मिनिटं दिली असती तर बघणाऱ्या पुणे-मुंबईच्या लोकांना सीमाप्रश्न जास्त कळला असता.

आता फोनची गोष्ट. आमच्याच गल्लीतले एक काका, वय ऐंशीच्या पुढं, तरुणपणी सत्याग्रहात होते, १९८६ च्या कन्नडसक्तीच्या आंदोलनात लाठ्या खाल्लेल्या, हुतात्मा दिनाला अजून हिंडलग्याला जातात. त्यांचा नंबर चॅनेलला लागला. नातवानं मोबाईल लावून दिला होता, घरातल्या सगळ्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला कारण आवाज घुमतो, आणि काका हातात कागद धरून बसले होते, कागदावर मुद्दे लिहिलेले. मी तो कागद नंतर बघितला, वहीचं पान उभं दुमडलेलं, मोठ्या अक्षरात, प्रत्येक मुद्द्याखाली रेघ. किती तरी वेळ होल्डवर ठेवलं. मग अँकर म्हणाल्या, "काका, बेळगावहून बोलताय, थोडक्यात सांगा, तुमच्यावर अन्याय होतोय ना?" काका म्हणाले, "ताई, नमस्कार. मला २००४ च्या दाव्याविषयी विचारायचंय..." एवढं झालं आणि तिकडून, "काका, तुमच्या भावना आमच्यापर्यंत पोचल्या, धन्यवाद," आणि ब्रेक.

त्यावर गल्ली जी पेटली ती दुसऱ्या कशावर नाही. कुणी शिव्या दिल्या नाहीत, पण बायका सुद्धा नळावर तेच बोलत होत्या. काकांनी भावना सांगितल्याच नव्हत्या हो. त्यांनी प्रश्न विचारला होता. एक वैनी म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाला एवढा वेळ ताटकळत ठेवायचं आणि वाक्य पण पुरं करू द्यायचं नाही, ही कुठली पद्धत?" आणि काकांना वाईट कशाचं वाटलं तर फोन कट झाल्याचं नाही. ते म्हणाले, त्यांना वाटलं आपण रडायला फोन केलाय.

त्यांना काय विचारायचं होतं ते मी इथं लिहितो, कागद समोर आहे. महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा टाकला तो २००४ साली, घटनेच्या कलम १३१ खाली, दोन सरकारांमधला वाद म्हणून. ८६५ गावं, त्यात बेळगाव, कारवार, निपाणी शहरं धरून. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषेचं बहुमत आणि लोकांची इच्छा, ह्या चार गोष्टींवर महाराष्ट्राची मागणी उभी आहे, ज्याला पाटसकर सूत्र म्हणतात, आंध्र आणि मद्रासची हद्द ठरवताना जे लावलं ते. कर्नाटकाचं म्हणणं असं की राज्याची हद्द बदलणं हे कलम ३ प्रमाणं संसदेचं काम, कोर्टाचं नाही, म्हणून दावाच चालू शकत नाही. आता हा पहिला मुद्दाच एवढी वर्षं लोंबकळतोय. काकांचा प्रश्न होता: तारीख का लागत नाही? महाराष्ट्र सरकार तारखेसाठी काय करतंय? वकिलांना कागद वेळेवर मिळतात काय? साक्षी द्यायच्या म्हणजे साठच्या दशकातले लोक पाहिजेत, ते एकेक करून जाऊलालेत, त्यांचं काय? आणि शेवटचा, रेघ दोनदा मारलेली: डिसेंबर २०२२ मध्ये १४ तारखेला दिल्लीत गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवून तीन-तीन मंत्र्यांची समिती करा म्हणून सांगितलं, त्या समितीनं काय केलं?

हे पाच प्रश्न स्टुडिओतल्या प्रवक्त्यांना विचारले असते तर त्यांना घाम फुटला असता, कारण समोर सत्तेतले पण होते आणि सत्तेत होऊन गेलेले पण. उलट "बेळगाव महाराष्ट्रात आलंच पाहिजे" असं म्हणायला कुणालाच काही खर्च पडत नाही. ते सगळेच म्हणतात. आमचे लोक हे ओळखतात. वर्षानुवर्षं ऐकून ऐकून कोण मनापासून बोलतंय आणि कोण कॅमेऱ्याकडं बघून बोलतंय ते गल्लीतल्या शेंबड्या पोराला पण कळतं.

सगळ्यांना चर्चा आवडली नाही असं नाही हं. उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करणारा एक पोरगा आहे, तो खूश होता. "ठणकावलं की मर्दा त्या प्रवक्त्यानं! असंच पाहिजे." मी त्याला विचारलं, त्यानं काय सांगितलं नक्की? तर त्याला आठवेना, पण आवाज आठवत होता. मी त्याच्यावर टीका करत नाही. दिवसभर कामाच्या ठिकाणी भाषेवरून चार टोमणे ऐकून घरी आलेल्या पोराला आपली बाजू घेऊन कोण तरी जोरात बोललं की बरं वाटतंच, मला पण वाटायचं त्या वयात. त्याच्याच बरोबरचा दुसरा पोरगा मात्र गप्प होता, त्याची बेंगळूरला मुलाखत होती, तो म्हणाला, "मला ह्यातलं काही नको, तिथं नाव सांगितलं की विचारतात, तू त्यातला काय म्हणून." दोघं एकाच गल्लीत वाढले, एकाच मराठी शाळेत शिकले. चॅनेलवर आमचा तरुण म्हणून फक्त पहिला दिसतो, झेंडा धरलेला. दुसरा कधीच दिसत नाही.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट, ज्यावर आम्ही तक्रार पण केली.

चर्चा चालू असताना अर्ध्या स्क्रीनवर एक व्हिडिओ सारखा फिरत होता. ट्रकवर दगड, नंबरप्लेटला काळं, पळापळ. तो हिरेबागेवाडी टोलनाक्यावरचा, ६ डिसेंबर २०२२ चा. आम्ही तो इतक्यांदा बघितलाय की ट्रकचा रंग सुद्धा पाठ आहे. पण कोपऱ्यात संग्रहित नाही, तारीख नाही, काही नाही. वर लाल अक्षरात "बेळगावात तणाव". आमच्याकडं त्या रात्री काय होतं? थंडी होती. भाजी मार्केट नेहमीच्या वेळेला बंद झालं, शहापुरात लग्नाचा बँड वाजत होता.

शेजारच्या कन्नड आक्का, त्यांचं घर आणि माझं दुकान भिंतीला भिंत, त्या मराठी बातम्या पण बघतात आणि कन्नड पण. रात्री साडेनऊला माझ्या दारात आल्या. "ओ, हे कुठं झालंय? आमचे हे आत्ताच गांधीनगरवरून आले, काय पण नाही म्हणूलालेत." त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला, त्यानं घाबरून फोन केला होता, आई तू बाहेर पडू नको. माझ्या मावसभावाचा कोल्हापूरहून फोन. आणि खरं नुकसान झालं ते एका ओळखीच्या व्यापाऱ्याचं. रताळी भरून गाडी मुंबईला निघाली होती, मार्केट यार्डातून. तिकडच्या पार्टीनं टीव्ही बघून फोन केला, ड्रायव्हर महाराष्ट्रातला, त्यानं पण बघितलं, त्यानं गाडी रस्त्याकडेच्या धाब्यावर लावली आणि सकाळपर्यंत हलवली नाही. माल पोचला तेव्हा बाजार उतरला होता. पैसे कुणी भरून द्यायचे? तो व्यापारी मराठीच, महाराष्ट्रात जावं म्हणणाराच. तो म्हणाला, "आमच्या बाजूनं बोलतो म्हणणारं चॅनेलच आमच्या पोटावर मारूलालंय."

कन्नड चॅनेलांवर त्याच वेळी काय होतं ते पण सांगतो, कारण आम्ही रिमोटनं दोन्हीकडं फिरतो, सीमाभागातल्या घरात हे सगळीकडंच असतं. तिथं पुण्यात कर्नाटकाच्या बसला काळं फासलेला व्हिडिओ फिरत होता, तो पण २०२२ चाच. आक्का आणि मी दोघं तिच्या व्हरांड्यात बसून एक ह्या भाषेतलं, एक त्या भाषेतलं बघत होतो, आणि दोन्हीकडं मधे आग, वर लाल पट्टी. तिकडं पण बेळगावातलं कोण बोलायला नव्हतं, सगळे बेंगळूरचे. आणि मला आठवण झाली महाराष्ट्रातल्या, सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या लोकांची, तिथल्या गावांनी कर्नाटकात जायचा ठराव केला होता तो पाणी मिळत नाही म्हणून केला होता, तो २०२२ मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी वर काढला आणि इकडच्या-तिकडच्या चॅनेलांवर चाळीस गावं, चाळीस गावं सुरू झालं. त्या गावांतल्या कन्नड बोलणाऱ्या माणसाला कुणी विचारलं असेल काय, बाबा रे तुझ्या तलावात पाणी आहे काय? मला नाही वाटत. तो पण आमच्यासारखाच आपल्या घरात बसून आपल्याविषयीची चर्चा बघत असणार.

तर त्या व्हिडिओवर मास्तर आणि मी मिळून तक्रार लिहिली. ही पद्धत बऱ्याच लोकांना माहीत नाही म्हणून सांगतो. केबल टीव्हीच्या नियमांत २०२१ ला दुरुस्ती झाली, त्याप्रमाणं आधी चॅनेलकडंच तक्रार करायची. प्रत्येक चॅनेलला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, वेबसाईटवर त्याचा ईमेल असतो. चोवीस तासांत पोच द्यायची आणि पंधरा दिवसांत निकाल कळवायचा. नाही पटलं तर पुढच्या पंधरा दिवसांत ते चॅनेल ज्या संस्थेचं सभासद असेल तिच्याकडं अपील. न्यूज चॅनेलांची एक संस्था आहे, एनबीडीएसए म्हणतात, निवृत्त न्यायमूर्ती तिचे अध्यक्ष असतात. तक्रारीत कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ आणि काय दाखवलं ते नीट लिहायचं, "तुम्ही देशद्रोही आहात" असलं लिहायचं नाही, ते सरळ बाजूला जातं. उशीर करायचा नाही, कारण मुदती आठवड्यात मोजतात. मास्तरांनी मजकूर केला, एका पानात, शुद्धलेखन एक नंबर, आणि खाली मूळ घटनेची तारीख घातली. पोच आली. नंतर उत्तर आलं इंग्रजीत, की दृश्यांवर संग्रहित लिहायला हवं होतं, पुढं काळजी घेऊ. महाजन अहवालाच्या पट्टीविषयी मात्र एक ओळ पण नाही. मास्तर परत लिहिणार आहेत.

बायकांच्या प्रतिक्रिया वेगळ्याच होत्या, आणि मला त्या सगळ्यात सरळ वाटल्या. मराठी शाळेत पोरगी असलेली एक ताई प्रवेशाच्या कागदांच्या झेरॉक्स काढताना म्हणाली, "तासभर बोलले, शाळेचं नाव काढलं काय कुणी? आमच्या शाळेत गणिताला मराठी मास्तर नाही, तो कधी येणार ते विचारा म्हणावं." घटनेत कलम ३५० अ आहे, अल्पसंख्याक भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय राज्यानं करायची, आणि जिथं दुसऱ्या भाषेचे लोक पंधरा टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेत पण द्यायच्या, हे १९५६ पासून ठरलेलं आहे. हद्द कुठंही पडो, दावा कुणीही जिंको, हे आत्ता, ह्याच राज्यात मागता येतं. पण ह्यावर चर्चा करायची तर एक दिवस अभ्यास करायला लागतो.

दुसऱ्या एक मावशी, त्यांच्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन करायचंय. चर्चेत एका प्रवक्त्यांनी सांगितलं की महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. २०२३ ची घोषणा आहे ती, कर्नाटकानं त्याला विरोध केला हे पण खरं. मावशी सकाळी माझ्याकडं आधारकार्ड घेऊन हजर. "काल टीव्हीवर सांगितलं, फॉर्म कुठाय?" आता मी त्यांना काय सांगणार होतो? कुठली कागदपत्रं, कुठला दवाखाना, कुणाची सही, हे त्या प्रवक्त्यांना कुणी विचारलंच नाही, अँकरनं टाळी मिळाल्यासारखं मान हलवली आणि पुढं गेल्या. तसंच नोकरीचं. सीमाभागातल्या गावांत पंधरा वर्षांचा रहिवास असल्याचा दाखला दिला तर महाराष्ट्राच्या सरकारी भरतीला अर्ज करता येतो, मेडिकल-इंजिनिअरिंगला पण सीमाभागातल्या मुलांसाठी जागा असतात, पण दाखल्यासाठी पोरं किती फिरतात ते मी रोज बघतो. एक कार्यक्रम फक्त ह्याच्यावर करा की. आमच्या भागात घरटी बघतील.

आणि इथंच मला वाटतं खरी मेख आहे. घरटी बघतील, पण ते मोजलं कुठं जाणार? टीआरपी बार्क नावाची संस्था मोजते, देशभरात निवडक घरांत मीटर बसवून. मराठी चॅनेलांचे जे आकडे येतात, नंबर एक आम्ही म्हणून जे झळकतात, ते महाराष्ट्र-गोवा ह्या मार्केटचे असतात. बेळगावातल्या, खानापुरातल्या, निपाणीतल्या घरात मीटर असलं तरी ते घर कर्नाटकाच्या मार्केटमध्ये. म्हणजे मराठी चॅनेलच्या हिशोबात आम्ही प्रेक्षक म्हणून जवळजवळ नाहीच. कार्यक्रम आमच्याविषयी असतो पण बनवलेला असतो तो ठाणे-पुणे-नाशिकच्या प्रेक्षकासाठी, आणि त्याला शाळेतल्या गणिताच्या मास्तरात काय रस असणार? हे मी मास्तरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ विचार करत होते, मग म्हणाले, "म्हणजे मतदार म्हणून तिकडं नाही, प्रेक्षक म्हणून पण तिकडं नाही."

पण मला एवढ्यावर सोडायचं नाही. मीटर मोजत नसलं तरी आता निम्मे लोक मोबाईलवर यूट्यूबला बघतात, तिथं कुठल्या शहरातून किती जण बघतात ते चॅनेलला दिसतं. आमचे लोक मराठी पॅकचे पैसे वेगळे भरतात, कारण इथल्या स्वस्त पॅकमध्ये कन्नड चॅनेल जास्त येतात. बेळगावात ह्या शतकाच्या सुरुवातीला, २००० साली, अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, य. दि. फडके अध्यक्ष होते. १९४६ च्या इथल्याच संमेलनात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदीला खेड्यातले लोक वर्गणी काढून संमेलनं भरवतात आणि मांडवात शेवटपर्यंत बसून ऐकतात. हे लोक ऐकणारे आहेत. अभ्यासाचं, संथ, दीड तासाचं बोलणं ऐकायची ह्यांना सवय आहे, ओरडून सांगायची गरज नाही.

म्हणून आम्ही, म्हणजे मास्तर, ते फोनवाले काका, शाळेतल्या ताई, रताळ्याचे व्यापारी, नंदगडचे ते गृहस्थ आणि मी, दुकानात बसून एक पत्र केलंय. सीमाप्रश्नावर पुढची चर्चा कराल तेव्हा निदान दोन खिडक्या सीमाभागातल्या माणसांना द्या, एक मराठी आणि एक कन्नड बोलणारा. जुनी दृश्यं दाखवायची तर त्यावर तारीख टाका. फोन घेतला तर प्रश्न पूर्ण ऐका आणि तो समोरच्या प्रवक्त्याला विचारा. काकांचे पाच प्रश्न जसेच्या तसे जोडलेत. शाळा, दाखले आणि आरोग्य योजना ह्यावर एकेक कार्यक्रम करा, माहिती आणि माणसं आम्ही देतो, त्यासाठी मास्तरांनी स्वतःचा नंबर द्यायची तयारी दाखवलीय. नंदगडच्या गृहस्थांनी आग्रह धरला म्हणून महाजन अहवालावर एक स्वतंत्र कार्यक्रम करा अशी ओळ पण घातली, ज्यात अहवाल नाकारल्यानं कुणाचं काय झालं हे गावागावात जाऊन विचारायचं. ह्या ओळीवर आमच्यात वाद झाला, काकांना ती पसंत नव्हती, त्यांचं म्हणणं त्यानं आपली बाजू कमकुवत होते. शेवटी ओळ ठेवली, आणि काकांनी सही केली.

पत्र मराठी चॅनेलांना ईमेलनं गेलं. आक्कांच्या मुलीनं त्याचं कन्नड करून दिलं, तिनं स्वतःहून त्यात कर्नाटकातल्या चॅनेलांसाठी जतच्या कन्नड शाळांचा एक मुद्दा वाढवला, ते कन्नड पत्र पण त्याच संध्याकाळी पाठवलं. ज्यांना हे पत्र आपापल्या गावातून पाठवायचंय त्यांनी सांगा, मजकूर देतो, त्यात तुमच्या गावच्या शाळेचं आणि बसचं तेवढं घाला. चॅनेलांकडून उत्तर आलं की इथं टाकतो.